अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

प्रश्न: नमस्कार काकू. मी २८ वर्षांचा, मूळ कराडचा, ऑक्टोबरपासून चंद्रपूरला आहे. थर्मलच्या साइटवर एका कॉन्ट्रॅक्टरकडे इंजिनिअर, काम अकरा महिन्यांचं, त्यातले चार झाले. तुकुमला एक रूम किचन घेतलंय. प्रॉब्लेम असा आहे की साइटवरनं सुटलो तरी रूमवर जावंसंच वाटत नाही, उगाच टपरीवर चहा घेत नऊ वाजवतो, मग मेसला जेवतो आणि रूमवर जाऊन मोबाइल बघत झोपतो. गादी जमिनीवर आहे, बॅग अजून उघडीच पडलीय, त्यातनंच कपडे काढतो त्यातच ठेवतो. घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की भिंतीला खिळा मारायचा नाही. आई म्हणते थोडं सामान घे, पण सात महिन्यांसाठी कशाला पैसे घालवायचे? गावी जायचं म्हणजे वर्ध्याला जाऊन महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची, कराड यायला जवळजवळ अख्खा दिवस, त्यामुळे दोन महिन्यांतनं एकदा जमलं तर जमलं. रूम घरासारखी वाटायला नेमकं काय करू? यूट्यूबवर बघितलं तर सगळे फेअरी लाइट लावा म्हणतात.

उत्तर: फेअरी लाइट राहू दे रे बाबा, बॅगेतनं कपडे काढणाऱ्या माणसाने भिंतीवर माळा लावल्या तर लग्न उरकून गेलेल्या कार्यालयासारखं दिसेल ते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळीकडे रूम, रूम, रूम. घर हा शब्द दोनच ठिकाणी आलाय आणि त्यातला एक घरमालकाच्या वाट्याला गेलाय. आपल्याकडे तुझ्यासारख्यांच्या जागेला एक जुना शब्द आहे, बिऱ्हाड. आमच्या लहानपणी वाड्यात भाडेकरूला बिऱ्हाडकरूच म्हणायचे. म्हणजे जागा दुसऱ्याची, पण चूल आपली. मुक्काम वेगळा, तो धर्मशाळेत करतात, लॉजवर करतात, त्याला चूल लागत नाही. तू चार महिने मुक्कामच केलायस, बिऱ्हाड अजून केलंच नाहीस, मग संध्याकाळी पाय तिकडे कसे वळतील?

मी हे पुस्तकातनं सांगत नाहीये. आमचे हे पाटबंधारे खात्यात, नोकरीत नऊ घरं झाली आमची. त्यातलं अलोऱ्याचं सगळ्यात लक्षात राहिलेलं, चिपळूण तालुक्यात, कोयना प्रकल्पाची कॉलनी. मार्च १९९९ मध्ये कोयनेच्या चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग झालं, म्हणजे जलाशयाच्या खालून बोगदा आणायचा आणि मधला शेवटचा खडक सुरुंगाने उडवायचा, तेव्हा आम्ही तिथे होतो आणि कॉलनीत दुसरा विषयच नव्हता. प्रकल्प संपला की कॉलनी रिकामी होणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी प्रत्येक क्वार्टरच्या मागे कढीपत्ता होता. आम्ही लावला तो दुसऱ्याच कोणीतरी तोडला असेल, आणि आम्ही तीन वर्षं तोडला तो आमच्या आधीच्यांनी लावलेला.

तिथे शेजारी एक बाई होत्या, त्यांची आमच्यापेक्षा जास्त बिऱ्हाडं झालेली. त्यांची पद्धत अशी की ट्रकमधनं पलंग कपाट काही उतरायच्या आधी स्टोव्ह आणि चहाचं पातेलं उतरायचं, पहिला चहा हमालांना, दुसरा शेजाऱ्यांना, आणि मग दूध उतू घालायचं. सरकारी क्वार्टरमध्ये कोण दूध उतू घालतं असं मी त्यांना हसले होते, पुढच्या बदलीला मीच घातलं!

तेव्हा तुझा पहिला खर्च शेगडी. तुझ्याकडे गॅस कनेक्शन नसणार. पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, इंडियन ऑइलचा तो 'छोटू' नावाने, त्याला पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, ओळखपत्रावर मिळतो, खास तुझ्यासारख्या फिरत्या लोकांसाठीच आहे तो. नाहीतर इंडक्शन घे. मेस सोडू नकोस, दमून आलेल्या माणसाला रोज स्वयंपाक कर म्हणणारे लोक स्वतः करत नसतात. पण सकाळचा चहा घरी आणि आठवड्यातनं दोन रात्री काहीतरी फोडणीचं, मुगाची खिचडी, पिठलं, काहीही. आईकडनं कांदा लसूण मसाला आणलाच असशील, तो बॅगेच्या तळाशी असेल तर आधी बाहेर काढ. रंग देऊन, पडदे लावून जे होत नाही ते फोडणीच्या वासाने होतं, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावरही तो थोडा असतोच. तिकडचंही खायला शीक, विदर्भातली जवसाची चटणी तुझ्या आईला पाठवून बघ.

दुसरं, बॅग. आज रात्री रिकामी कर. कपाट नसेल तर प्लास्टिकचा रॅक घे, दोरी बांध, पण बॅग बंद करून माळ्यावर गेली पाहिजे, डोळ्यासमोर नको. उघडी बॅग दिसली की डोक्यात स्टेशन सुरू होतं.

गादी जमिनीवरनं उचल. जुन्या फर्निचरच्या दुकानात लोखंडी पलंग किंवा फोल्डिंग खाट मिळेल, जाताना त्यालाच परत वीक, येईल ते येईल. पैशाचं म्हणशील तर हिशोब मांडून बघ, सात महिने म्हणजे २१० दिवस, दोन हजार रुपये गेले तरी दिवसाचे दहासुद्धा होत नाहीत. टपरीवर नऊ वाजेपर्यंत किती चहा होतात ते मला नको सांगूस.

आणि घरनं एक वाकळ आण. उन्हाळ्यात पांघरायची नाहीये, खाटेवर अंथरायची. आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्याची असली तर उत्तमच, बाजारातलं काहीही तिच्यापुढे फिकं.

आता लाइट. तुझ्याकडे नक्की ती पांढरीफेक ट्यूब असणार, तिच्याखाली कोणतीही खोली तलाठी ऑफिस दिसते. एक एलईडी बल्ब आण, डब्यावर वॉर्म व्हाइट आणि २७०० के किंवा ३००० के असं लिहिलेलं असतं, तो साध्या टेबल लॅम्पला लाव आणि आठनंतर ट्यूब बंद. जाताना दिवा तुझ्याबरोबर येतोच.

खिळ्याचं. घरमालकाशी भांडू नकोस, त्याने आधीच्या बिऱ्हाडकरूंची भोकं बुजवलेली असणार. चिकटणारे हुक मिळतात, पण ते ऑइल पेंटवर आणि टाइलवर टिकतात, साध्या डिस्टेंपरवर लावलेस तर रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतील आणि मग डिपॉझिट कापलं जाईल. त्यापेक्षा खिडकीच्या गजांना सुतळी बांध, फोटो तिथे चिमट्याने लाव, कॅलेंडर दाराच्या कडीला. आधीचा एखादा खिळा असेल तर तो देवाचा की शर्टाचा हे तुझं तू ठरव.

यावरनं एक विचारते, करार रजिस्टर केलाय का? अकरा महिन्यांचा आहे म्हणजे नोंदणी लागत नाही असं सर्रास सांगतात, ते आपल्या राज्यात खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, महिने कितीही असोत, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे माहीत असू दे, लगेच जाऊन ऐकवू नकोस.

आणि मुख्य राहिलंच, तू चंद्रपूरचा मे महिना अजून बघितलेला नाहीस. पंचेचाळीसच्या पुढे जातो पारा, आपल्या कराडच्या उन्हाळ्याला तिकडचे लोक हसतील. मार्च लागायच्या आत कूलरचं बघ, एप्रिलमध्ये दुकानदार बोलतही नाहीत. भाड्यानेही मिळतात, घरमालकाला आधी विचार, बऱ्याच घरांत गच्चीवर एखादा पडून असतो, फक्त आतलं गवत नवीन भरून घ्यावं लागतं. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवायचा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवायचं. पुण्या-कराडकडचे लोक एसीसारखं सगळं बंद करून बसतात, मग दमट होतं, अंग चिकचिकतं आणि म्हणतात कूलर चालत नाही! कोरडी हवा सतत आत आली पाहिजे तरच पाण्याने थंड होते. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तूच पाळशील. बाहेरच्या खोलीत पाण्याचा माठ ठेव. आणि कूलर बसवायला शेजारच्यांना हाक मार, एकट्याने उचलत नाहीच तो, आणि चार महिने न झालेली ओळख त्या अर्ध्या तासात होईल, नंतर चहा तुझ्या घरी.

*

प्रश्न: ताई, मी लातूरची, पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलला नर्स आहे. पीजीमध्ये तिघी एका रूममध्ये, माझ्या वाट्याला एक कॉट, अर्धं कपाट. नाइट करून सकाळी आले की बाकीच्या दोघींची आवरायची गडबड, लाइट, रील्सचे आवाज. ज्यांना स्वतःची रूम आहे त्यांना सल्ले देणं सोपं असतं. सहा बाय तीनच्या कॉटवर घर कसं करायचं?

उत्तर: बरोबर आहे तुझं, वरचं उत्तर वाचून तू चिडशीलच.

पण तुझा प्रश्न नवीन नाहीये गं, मुंबईत गिरणगावात शंभर वर्षं हाच प्रश्न होता. लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्या आठवतात का कोणाच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या? कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावाने मिळून खोली घेतलेली, एका खोलीत वीस-तीस माणसं, पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक गिरणीत गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. माणशी एक ट्रंक, एक वळकटी, एक खुंटी. जेवण खानावळीत, आणि त्या खानावळी चालवणाऱ्या बायकाच होत्या, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना घेऊन. ते दिवस छान होते असं मी म्हणत नाहीये, हालच होते. पण त्या खोल्यांना नियम असायचे. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लावायचा नाही, भजन कधी आणि पत्ते कधी हे ठरलेलं. जागा नव्हती म्हणून नियम होते. तुमच्या पीजीत जागाही नाही आणि नियमही नाहीत, मालकिणीचे सोडून.

तर एका रविवारी दोघींना घेऊन बस, मिसळ तू आण, आणि तुझ्या नाइटचं वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटव. नाइट असेल त्या दिवशी सकाळी त्यांनी हेडफोन लावायचा आणि मोठा लाइट नको, तू त्यांच्या परीक्षेच्या, ऑफिसच्या कॉलच्या वेळी फोनवर बाहेर जायचं. तुझ्याच फायद्याचं मागू नकोस, दोन तू सोड.

कॉटला पडदा लाव. वरती मजबूत नायलॉन दोरी, त्यावर जाड गडद रंगाची चादर, शिंप्याकडनं नेफा शिवून घेतला की झालं. दिवसा झोपणाऱ्याला अंधार लागतोच, तू नर्स आहेस, तुला मी काय सांगू. उशाशी एक कुलपाची पेटी, आणि पेटीवर तुझ्या एकटीच्या चार वस्तू, त्यापेक्षा जास्त नको कारण धूळ तूच पुसणार आहेस. चादर मात्र घरची, सोलापुरी असेल तर ती, पीजीची नको. ड्युटीवरनं आलीस की युनिफॉर्म काढून आंघोळ करूनच पडद्याच्या आत जायचं, युनिफॉर्म घालून त्या चादरीवर बसायचंसुद्धा नाही.

एवढं करून सहा महिन्यांत नाहीच जमलं तर पीजी बदल, त्यात हरल्यासारखं काही नाही. नवीन बघायला जाशील तेव्हा फक्त एक कर, सकाळी नऊला जा. संध्याकाळी सगळेच पीजी चांगले दिसतात.

*

प्रश्न: मुलगा कंपनीतर्फे वर्षभरासाठी जर्मनीत गेलाय, फर्निश्ड फ्लॅट दिलाय पण म्हणतो हॉटेलात राहिल्यासारखं वाटतं. भेटायला जाणार आहोत, त्याच्यासाठी घरचं तूप, पेढे आणि काय काय नेऊ?

उत्तर: तूप आणि पेढे दोन्ही नको! युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातनं दुधाचे आणि मटणाचे पदार्थ सामानातनं नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील आणि तुमचा जीव तुपात अडकेल. लोणी तिकडे छान मिळतं, त्याला कढवायला शिकवा, फर्निश्ड फ्लॅटमध्ये तूप कढल्याचा वास सुटला की हॉटेल संपलं. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट न्या, नीट सील करून, वर नाव लिहून. घरातलं एक रोजच्या वापरातलं भांडं न्या, नवीन नको, पोचे आलेलं चालेल. छोटा मिक्सर नेणार असाल तर रविवारी लावू नका म्हणावं, तिकडे रविवारी शेजाऱ्यांना शांतता लागते, रात्री दहानंतरही. चटणी शनिवारीच वाटून ठेवा.