वाचकांचे प्रश्न : अंगावरचे दूध बाळाला बाधते का?

प्रश्न : माझी मुलगी ७ आठवड्यांची असून ती केवळ अंगावर पिते. गेल्या १५ दिवसांपासून तिच्या शीमध्ये शेंबडासारखा चिकट पदार्थ येतो आणि त्यात अधूनमधून रक्ताची बारीक रेघ दिसते. जन्माच्या वेळी २.९ किलो असलेले तिचे वजन आता ४.२ किलो आहे. ती हसते, नीट पिते. संध्याकाळी मात्र तासभर रडते. एका डॉक्टरांनी तिला लॅक्टोज पचत नसल्याचे सांगून अंगावर पाजणे आठवडाभर बंद करण्यास आणि लॅक्टोजविरहित पावडरीचा डबा सुरू करण्यास सांगितले आहे. घरच्यांनी माझी तुरीची डाळ, वांगे, गहू, अंडी, शेंगदाणे आणि आंबट असे सारे बंद केले आहे. मी दोन्ही वेळा मऊ भात आणि तूप एवढेच खाते. ‘दूध वाढावे’ म्हणून दिवसाला तीन पेले दूध मात्र पिते. अंगावर पाजणे थांबवावे का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अंगावर पाजणे थांबवू नये, एका आठवड्यासाठीही नाही. तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची नोंद वजनाची आहे. ४९ दिवसांत १,३०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सरासरी २६ ग्रॅम, ही वाढ या वयात अपेक्षित असलेल्या २० ते ३० ग्रॅमच्या मर्यादेत बसते. दूधच पचत नसते तर वजन असे वाढले नसते. संध्याकाळचे रडणे या वयाच्या कितीतरी बाळांमध्ये दिसते आणि तेवढ्यावरून कोणतेही निदान करता येत नाही.

लॅक्टोज आणि दुधाची ॲलर्जी यांची गल्लत आपल्याकडे फार होते, आणि खेदाने सांगावे लागते की ती दवाखान्यांतही होते. लॅक्टोज ही दुधातील साखर आहे. आईच्या दुधात ती १०० मिलिलिटरमागे सुमारे ७ ग्रॅम असते, ती स्तनातच तयार होते आणि आईने गायीचे दूध प्यायले काय किंवा न प्यायले काय, तिच्या प्रमाणात फरक पडत नाही. ही साखर जन्मतःच न पचणे हा अत्यंत दुर्मीळ विकार असून त्यात बाळाला पहिल्या दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होतात आणि ते सुकत जाते. तुमच्या मुलीच्या बाबतीत संशय घ्यायचा तो साखरेवर नव्हे, प्रथिनांवर. आई पीत असलेल्या गायी-म्हशीच्या दुधातील प्रथिनांचे अतिसूक्ष्म अंश तिच्या दुधात उतरतात आणि काही थोड्या बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला त्यामुळे सूज येते. बाळ एरवी खुशाल, वाढ चांगली आणि शीमध्ये चिकट पदार्थासह रक्ताची रेघ, हे त्याचे नेहमीचे चित्र आहे. डब्याचा सल्ला मला खटकला तो यामुळेच, कारण लॅक्टोजविरहित पावडरींपैकी बऱ्याच पावडरी गायीच्या दुधातील प्रथिनांपासूनच केलेल्या असतात. त्यातून साखर गेलेली असते, प्रथिन तसेच राहते, आणि जे आईमार्फत कणाकणाने पोहोचत होते ते बाटलीतून भरपूर पाजले जाते.

मात्र रक्त दिसले म्हणजे ॲलर्जीच असे गृहीत धरण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांनी बाळाला प्रत्यक्ष तपासणे आवश्यक आहे. शीच्या जागी बारीक चीर असू शकते, आतड्याचा जंतुसंसर्ग असू शकतो, किंवा तुमच्या स्तनाग्राला भेग पडून त्यातील रक्त बाळाच्या पोटात गेलेले असू शकते. जन्मानंतर बाळाला व्हिटॅमिन के चे इंजेक्शन मिळाले होते का, हे दवाखान्यातून मिळालेल्या कागदांत अवश्य पाहावे. ते न मिळालेल्या आणि केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांना या वयात धोकादायक रक्तस्राव होऊ शकतो. रक्ताचे प्रमाण वाढले, उलटी हिरवी झाली, पोट फुगले, ताप आला, बाळ मलूल पडले किंवा पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून कळवळू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तपासणीत दुसरे कारण सापडले नाही, तर तुमच्या ताटातून एकच वस्तू काढायची आहे, आणि योगायोग असा की नेमकी तीच सोडून बाकी सारे तुमच्याकडे बंद झाले आहे. डाळ, वांगे, गहू, शेंगदाणे आजपासून पुन्हा सुरू करा. वांगे ‘वातूळ’ असले तरी त्याचा वात दुधातून बाळाच्या पोटात जात नाही. बंद करायचे ते दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा आणि त्यांचे सर्व पदार्थ. म्हशीचे, शेळीचे किंवा ‘ए-टू’ म्हणून विकले जाणारे दूधही चालत नाही, कारण त्यांतील प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. बिस्किटे, काही प्रकारचे ब्रेड आणि बाळंतिणीसाठी म्हणून मिळणाऱ्या पावडरी यांच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. ‘दुधाची भुकटी’, ‘व्हे’ किंवा ‘केसीन’ असे शब्द दिसले तर ती वस्तू टाळावी.

तुपाबद्दल प्रत्येक आई विचारते. घरी लोणी कढवताना पातेल्याच्या तळाशी जी तपकिरी बेरी जमते, ती मुख्यतः दुधातील प्रथिनेच असतात. वरचे तूप नितळ दिसत असले तरी त्यात थोडा अंश उरतो, म्हणून परीक्षेच्या काळात तेही नको. डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू तेवढ्यापुरते तेलात किंवा नुसत्या खोबऱ्या-गुळात करता येतात. तुमच्या पत्रात उल्लेख नाही, तरीही विचारतो : बाळाला गुटी देता का? सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड यांचे वळसे अनेक घरांत गायीच्या दुधात उगाळले जातात. तसे असेल तर तुमच्या ताटाकडे पाहण्याआधी ती सहाण बाजूला ठेवावी लागेल.

रक्त बहुधा काही दिवसांतच कमी होऊ लागते. तरीही निर्णयासाठी २ ते ४ आठवडे द्यावेत. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरी पायरी तीच आहे. बाळ बरे झाल्यावर तुम्ही आठवडाभर रोज दूध-दही खाऊन पाहायचे. रेघ पुन्हा उमटली तर निदान पक्के झाले. नाही उमटली तर दुखणे आपोआप गेले, जे पुष्कळदा घडते, आणि तुम्ही सर्व काही खाऊ शकता. ही उलटतपासणी न केल्यामुळे वर्षभर विनाकारण ताकाला पारख्या झालेल्या आया मी पाहिल्या आहेत. या प्रकारात रक्ताची किंवा त्वचेची ॲलर्जी चाचणी उपयोगी पडत नाही, तेव्हा त्यावर पैसे खर्च करू नयेत.

दूध बंद असताना तुमची स्वतःची झीज होऊ देऊ नका. पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम मिळते. तीळ त्याहून कितीतरी सरस आहेत, पण ते खाल्ले जातात चमचाभर, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळीही घ्यावी. तुम्ही अंडी खाता असे दिसते, ती सुरू करा. ज्या आया अंडी-मासे खात नाहीत, त्यांचे बी-१२ हे जीवनसत्त्व दूध सोडताच जवळजवळ बंद होते. आईत ते कमी असेल तर दुधातही कमी पडते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला फटका बसतो. अशा आयांनी बी-१२ चे औषध घेतल्याशिवाय दूध सोडू नये. आणि दूध प्यायल्याने दूध वाढते हा समज सोडून द्यावा. ते वाढते बाळाने वारंवार ओढल्याने.

निदान पक्के झाले, तर वर्षाच्या आसपास बहुतेक मुले या त्रासातून बाहेर पडतात.

प्रश्न : उष्टावणाच्या दिवशी आमच्या ६ महिन्यांच्या मुलाला खिरीचे बोट चाटवताच दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले आणि अंगावर गांधी उठल्या. अंगावरच्या दुधाने त्याला कधीच त्रास झालेला नाही. आता मीही दूध सोडावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वरील प्रकाराहून हा प्रकार निराळा आहे आणि अधिक गंभीर आहे. येथे ‘पुन्हा देऊन पाहू’ हा प्रयोग घरी कधीही करू नये; खिरीत काजू-बदाम होते का तेही आठवून ॲलर्जीतज्ज्ञांना सांगावे, कारण येथे चाचण्यांचा खरोखर उपयोग होतो. श्वासाला त्रास झाला किंवा बाळ एकाएकी ढिले पडले तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. तुम्ही दूध पीत असूनही तुमच्या दुधाने त्याला आजवर त्रास झालेला नसेल, तर तुम्हाला पथ्याची सहसा गरज नसते. त्याच्या वाटीत मात्र दुधाऐवजी पाण्यात शिजवलेली नाचणीची पेज, वरण-भात आणि भाज्या असाव्यात, आणि अंगावर पाजणे चालूच ठेवावे.