नोकरी सोडून पुण्यात आरजेचा कोर्स: सही करण्याआधीचा हिशेब

प्रश्न : वय 25, राहणार सांगली. खाजगी ऑफिसात अकाउंट्सचं काम, हातात 22,000 पगार. घरी 7,000 देते, स्वतःला 7,000 लागतात. एफडी 1,60,000. पुण्यातल्या एका संस्थेत सहा महिन्यांचा, पूर्णवेळ रेडिओ जॉकी कोर्स आहे. फी 1,20,000 अधिक जीएसटी. संस्थेच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीकडून 12 हप्ते, व्याज 14 टक्के फ्लॅट. 10,000 टोकन भरलंय. नोकरी सोडून जाऊ का?

उत्तर : रेडिओत जा. पण या रस्त्याने जाऊ नका. कारण आकड्यांत सांगतो.

18 टक्के जीएसटी धरून फी 1,41,600 होते. 14 टक्के फ्लॅट म्हणजे वर्षभर पूर्ण मूळ रकमेवर व्याज. दर महिन्याला मुद्दल फिटत असलं तरी व्याज कमी होत नाही. व्याज 19,824 आणि हप्ता 13,452. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर जवळपास 25 टक्के पडतो. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, डबा आणि बस मिळून महिना 11,000 धरा. सांगलीत स्वतःवर 7,000 जातातच, म्हणून जादा फक्त 4,000, सहा महिन्यांचे 24,000. बुडालेला पगार 1,32,000. कोर्स तुम्हाला 3,17,424 रुपयांना पडतो, जाहिरातीतल्या 1,20,000 ना नाही.

त्याहून काळजीची गोष्ट रोख रकमेची आहे. पगार बंद झाल्यावर हप्ता 13,452, पुणे 11,000 आणि घरचे 7,000 असे महिन्याला 31,452 एफडीतून जातील. पाच महिन्यांत 1,57,260 संपले. सहाव्या महिन्यात, कोर्स चालू असतानाच, तुमच्याकडे 2,740 रुपये असतील आणि सात हप्ते बाकी असतील. अशा वेळी माणूस बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा नाकारू शकत नाही आणि पत्करूही शकत नाही.

करसवलतीचं सांगून कोणी कर्ज गळ्यात मारत असेल तर तेही तपासा. प्राप्तिकरात वजावट मिळते ती बँक किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर, तीही जुन्या करप्रणालीत. तुमच्या उत्पन्नावर मुळात कर लागतच नाही, मग वजावट कशातून करणार?

आता कोर्सकडे बघू. आरजे व्हायला अमुक पदवी लागते असा नियम नाही. स्टेशन आवाजाची चाचणी घेतं, डेमो म्हणजे तुमचं नमुना रेकॉर्डिंग ऐकतं. त्यामुळे प्रमाणपत्रापेक्षा माइकसमोर किती तास मिळतात ते विकत घ्यायचं. संस्थेला तीन आकडे विचारा : बॅचमध्ये किती जण, स्टुडिओ किती, स्टुडिओचे एकूण तास किती. समजा 24 जण, 2 स्टुडिओ आणि प्रत्येक स्टुडिओचे 72 तास, तर तुमच्या वाट्याला 6 तास. म्हणजे माइकचा एक तास 23,600 रुपयांना. शनिवार-रविवारच्या बॅचेसही असतात. 20,000 अधिक जीएसटी म्हणजे 23,600 फी, 10 जण, 1 स्टुडिओ, 40 तास असतील तर 4 तास मिळतात आणि तास 5,900 ला पडतो. हाच भागाकार प्रत्येक ठिकाणी करा. ‘प्लेसमेंट साहाय्य’ म्हणजे नोकरी नव्हे. मागच्या बॅचमधले किती जण आज कोणत्या स्टेशनवर पगारावर आहेत, हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सांगलीत आकाशवाणीचं केंद्र आहे. तिथल्या नैमित्तिक उद्घोषकांच्या निवडीत लेखी परीक्षा आणि ध्वनिचाचणी असते, निवडलेल्यांना ‘वाणी’ प्रशिक्षण घ्यावं लागतं. अशा जाहिरातींत अनेकदा स्थानिक रहिवास मागतात. पुण्याला जाऊन तुम्ही ही संधीच गमावू शकता. मात्र ही कायम नोकरी नाही. महिन्याला साधारण सहाच ड्यूट्या मिळतात, त्यामुळे त्यावर घर चालवायचा विचार करू नका. नोकरी सांभाळून सराव आणि अनुभव मिळतो, आणि त्याच बळावर सांगली-कोल्हापूरच्या खाजगी एफएमची दारं ठोठावता येतात.

चाचणीत माणसं पडतात ती बहुतेक उच्चारांत. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणं, लिहायला सारखं, बोलायला नाही. ळ-ल, ण-न, श-ष यांची रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून उजळणी करा, रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका.

डेमो दोन मिनिटांचा पुरे, तीन लिंक, म्हणजे गाण्यांच्या आगेमागे आरजे बोलतो ते तुकडे. एक सकाळची, वेळ सांगून गाण्यात नेणारी. एक दोन गाण्यांमधली. तिसरी स्थानिक : आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चढतंय, ऐकणाऱ्याने आज ऑफिसला कुठून जायचं, एवढंच 40 सेकंदांत. माइक तोंडापासून एक वीत, किंचित तिरका, म्हणजे प, फ, भ ची हवा थेट आदळत नाही. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाचे उंचवटे −6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. पंखा बंद, भिंतीशी गोधड्या. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मागचं संगीत मोठं ठेवू नका, आवाज ऐकायला बोलावलंय, संगीत नव्हे. आणि कुणा प्रसिद्ध आरजेची नक्कल तर नकोच, ती पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येते.

खर्च असा बसवा : शनिवार-रविवारचा कोर्स 23,600, यूएसबी माइक आणि हेडफोन मिळून 9,000, आठ आठवडे पुण्याला येणं-जाणं आणि मुक्काम 12,000. एकूण 44,600. एफडीत 1,15,400 उरतात. त्यातले 84,000, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, कशासाठीही हलवायचे नाहीत. पगारातून महिन्याला वाचणाऱ्या 8,000 पैकी 5,000 ची आरडी चालू ठेवा. पगाराचा आकडा असलेलं नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही.

टोकनचे 10,000 लेखी अर्ज देऊन परत मागा. नाही मिळाले तरी त्यांच्यासाठी आणखी तीन लाख घालू नका. कर्जाच्या ॲपवर सही झाली असेल तर करारातली ‘कूलिंग-ऑफ’ची मुदत आजच बघा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पैसे थेट संस्थेच्या खात्यावर गेले असतील तर संस्थेकडून ते कर्जदात्याला परत गेल्याची पावती घ्या, आणि बँकेत ई-मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर ठरल्या तारखेला हप्ता कापला जाईल.