बूट पिशवीतून बाहेर काढा

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला निघताना तुम्ही पायात चपला घालता, बूट भाजीच्या पिशवीत टाकता आणि बाबांना सांगता, "दूध घेऊन येते." याच बाबांनी तुम्हा दोघा भावंडांना साडेपाचला उठवून बारा-बारा सूर्यनमस्कार घालायला लावले. परीक्षा असली तरी पार्काची फेरी चुकू दिली नाही. आज त्यांच्यासमोरून व्यायामाला जायची तुम्हाला चोरी झाली आहे.

बाबा ७८ वर्षांचे. गुडघे आधीपासून दुखत होतेच, पण गेल्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावर पाय घसरला तेव्हापासून ते खाली उतरलेले नाहीत. हाड शाबूत राहिलं, धीर गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ठाण्याच्या भावाने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. रोज रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे पडायचे: नातवाचे ११,०००, तुमचे ८,०००, बाबांचे ३४०. एक दिवस त्यांनी ते घड्याळ काढून औषधांच्या डब्यात ठेवून दिलं. तुम्ही विचारता, "त्यांना पुन्हा चालतं कसं करू?"

आधी ग्रुपवरचे आकडे थांबवा. आजच. ते १०,००० पावलांचं खूळ काही डॉक्टरांनी ठरवून दिलेलं नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. तिथून तो आकडा जगभर पसरला. जन्मभर सगळ्यांच्या पुढे चाललेल्या माणसाचा आकडा रोज नातवाच्या आकड्याखाली लावायचा, हे त्यांच्या जिवाला किती लागलं असेल!

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझ्या आईचं चालणं कमी झालं तेव्हा मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारायचे, "आज किती फेऱ्या झाल्या?" एकदा ती शांतपणे म्हणाली, "तू आलीस की लेक आल्यासारखं वाटतच नाही गं, तपासणीला कुणी आल्यासारखं वाटतं." ते मी अजून विसरलेले नाही.

"वय झालं" हे निदान नव्हे, म्हणून डॉक्टरांना एकदा नीट दाखवाच. उभं राहिल्यावर चक्कर येते का, पाय घासत टाकतात का, पावलं बारीक झाली आहेत का, तळपायाला मुंग्या येतात का, हे लिहून न्या. रक्तदाबाच्या गोळ्या, बी-१२ ची कमतरता, मोतीबिंदू यांनीही चाल बिघडते, आणि त्यावर इलाज असतो. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. जिना उतरवणं जमेपर्यंत फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा.

बाबांचा व्यायाम आता पार्कात नाही, घरातल्या खुर्चीतच आहे. खुर्चीतून उठणं ही साधी गोष्ट वाटते ना? संडासाला एकट्याने जाता येणं त्यावर अवलंबून असतं, आणि बाबांसारख्या माणसाला तेच सगळ्यात मोलाचं असणार. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. बाबांनी आधी पुढच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, छाती पुढे झुकवायची आणि मग उठायचं. बहुतेक लोक मागे रेलूनच उठायला बघतात आणि धपकन परत बसतात. फिजिओथेरपिस्टने हो म्हटलं की सुरुवातीला पाच वेळा, हातांचा आधार घेऊन. बसतानाही सावकाश, कारण पायांची ताकद बसतानाही तितकीच वापरली जाते. मग स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा वर-खाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सांगितले आहेत, ते पडू नये म्हणूनच.

काठी घ्यायची झाली तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजाऱ्यांना विचारून एक खुर्ची ठेवा. दादरच्या जुन्या इमारतींतले शेजारी याला नाही म्हणायचे नाहीत. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा, आणि आत भिंतीला पकडायला दांडा. घड्याळापेक्षा हा दांडा बसवायला भावाला सांगा. त्याने महिन्यातला एक रविवारही द्यावा. बाबांना दोघांनी मिळून खाली उतरवायचं, टॅक्सीने पार्काच्या कट्ट्यापर्यंत न्यायचं. फेरी नको, नुसतं बसायचं. परत चढायला वेळ लागेल, तो हातात ठेवूनच निघा.

आता तुमचं. तुम्ही लिहिता, "ते बसलेले असताना मी चालते याची लाज वाटते." मला उलट वाटतं. त्यांनी तुम्हाला दिलेल्या गोष्टींतली ही एक अजून रोज चालू आहे, आणि तीच तुम्ही त्यांच्यापासून लपवता. बाबांना दुधाच्या पिशवीतला आणि बुटांच्या पिशवीतला फरक कळत नसेल, असं खरंच वाटतं तुम्हाला? तुम्ही हातीपायी धड राहिलात तरच त्यांना हात देऊन उठवू शकाल, हेही आहेच. पण मुळात तुम्हाला चालायला आवडतं. तेवढं कारण पुरे आहे.

सूर्यनमस्कार त्यांच्या खुर्चीसमोर घाला. मोजायला त्यांना सांगा. तुमचा गुडघा नीट टेकला नाही तर ते बोलतील, बोलू द्या. मग त्यांची पाच उठबस तुम्ही मोजा.

उद्या सकाळी बूट दारातच घाला, त्यांना दिसतील असे. "पार्कात जाऊन येते, बाबा," एवढंच म्हणा. परत आल्यावर कोण कोण भेटलं ते सांगा. त्यांच्याबरोबर चालणारे कुणी ना कुणी अजून तिथे येत असतील, आणि बाबांची चौकशीही करत असतील.

तुमची,
ताई