दांडी गार होती, म्हणून धरली

प्रश्न : ताई, लग्न होऊन मी उदगीरला आले. माहेरी नॉनस्टिक होता, इथं सासूबाईंनी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा हातात दिला. भाकरी सुरेख होते, पण महिन्याभरात तीनदा तळहात पोळला. त्यातले दोनदा तर ओल्या फडक्यानं धरलं होतं. सासूबाई म्हणतात, होते हाताला सवय. दांडीवर चढवायचं सिलिकॉनचं कव्हर मिळतं म्हणे, ते घेऊ का?
— नवी सून, उदगीर

उत्तर : लेकरा, कातड्याला कसली सवय होणार? माझी आई भाकरी बोटांनीच उलटायची. लहानपणी मला वाटायचं, माय आपली पोळतच नाही. जवळ बसून बघितलं तेव्हा कळलं. ती भाकरीची सुटलेली कड चिमटीत धरायची आणि लगेच सोडायची. तव्याला बोट लागूच द्यायची नाही. आणि तवा उतरवायचा म्हटलं की तीच बाई आधी फडकं शोधायची. सासूबाईंचे हातही एकदा नीट बघ.

तू लिहिलं नाहीस, पण तुझा हात पहिल्या भाकरीला पोळला नसणार. आठवी-दहावी भाकरी असेल, नाहीतर सगळं उरकल्यावर तवा हलवताना. ही बिडाची खोडच आहे. (आमच्या बीड जिल्ह्याशी याचा संबंध नाही. पाहुण्यांना हे दरवेळी सांगावं लागतं.) बीड उष्णता पुढं सरकवतं फार सावकाश, ॲल्युमिनियमपेक्षा साधारण चौपट हळू. म्हणून तवा तापला तरी दांडी बराच वेळ गार लागते आणि आपण बिनधास्त होतो. दांडी तव्यासोबतच ओतलेली, एकाच धातूची. धग तिच्यापर्यंत पोचतेच, फक्त उशिरा. आणि एवढ्या जड धातूत साठलेली धग गॅस बंद केल्याबरोबर जात नाही.

माझ्या उजव्या तळहातावर याची खूण आहे. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या सणाच्या) आदल्या रात्री आमच्या घरी तीस माणसांच्या भाकरी चालल्या होत्या. पहाटे सगळं शेतात न्यायचं. भज्जीचं पातेलं चुलीवर चढवायला जागा हवी म्हणून आईनं तवा उतरवून भिंतीशी टेकवला. दहा-एक मिनिटं झाली असतील. तेवढ्यात लाईट गेली. अंधारात काटवट (पीठ मळायची लाकडी परात) उचलायची म्हणून मी हात घातला आणि हाताला लागला तवा. निखारा लाल दिसतो, दिव्याची वात दिसते. बीड काळं ते काळंच. त्या वर्षी सगळे आंबील पीत होते आणि मी कडब्याच्या पेंढीवर बसून हातावर फुंकर घालत होते.

आता तुझं ओलं फडकं. चूक तिथंच आहे. कोरड्या सुती कापडाच्या धाग्यांत हवा अडकलेली असते, ती धग अडवते. फडकं ओलं झालं की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता हाताकडं आणतं. त्यात त्या पाण्याची वाफ होते ती वेगळीच. चुलीजवळचं फडकं नेहमी ओलंच असतं, कारण त्यानंच ओटा पुसायचा, त्यालाच हात पुसायचे. तवा धरायचं फडकं वेगळं ठेव. त्याला दुसरं काम सांगू नको.

बाजारातून आणू नको. घरात फाटकी वाकळ असेलच. तिचा वीतभर लांब-रुंद तुकडा कापून कडेनं टीप मार. मात्र आतले थर बघून घे. जुनी लुगडी सुती असायची, अलीकडच्या वाकळेत नायलॉनच्या साड्या सर्रास असतात. तो कपडा तापल्यावर वितळून हाताला चिकटतो. प्रत्येक थराचा एक धागा ओढून काडीनं पेटव. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते. नायलॉन-पॉलिस्टर आक्रसून कडक मणी होतो. मणी झाला तर तो थर बाहेर.

सांडशीवर भिस्त ठेवू नको. ती पातेल्याच्या पातळ काठासाठी आहे. बिडाच्या जाड काठावर तिचा जबडा पुरता उघडा राहतो, पकड बसत नाही आणि दोन-तीन किलोचा तवा मनगटातून फिरतो. दोन्ही हातांत दोन फडकी घेऊन उचल.

सिलिकॉनचं कव्हर वाईट नाही. पण पुष्कळ कव्हरं साधारण २२०-२३० अंशांपर्यंतची असतात आणि कोरडा तापवलेला तवा त्याच्या सहज वर जातो. तेव्हा उचलायच्या वेळी घाल आणि लगेच काढ. धपाटे लावताना आतून तेलकट झालं तर ते दांडीवरून सुळकन निसटतं, तेवढं सांभाळ.

आमच्या घरात एक रीत आहे. गॅस बंद केला की फडकं दांडीवर टाकायचं. फडकं दिसलं की तवा गरम, हात लावायचा नाही. नातवंडांनाही कळतं. गॅस चालू असताना मात्र टाकू नको, पेट घेईल.

प्रश्न : पोळल्यावर आमच्याकडं टूथपेस्ट नाहीतर तूप लावतात. डॉक्टर म्हणतात, वीस मिनिटं नळाखाली धरा. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो. कुठून आणायचं वीस मिनिटांचं पाणी?
— निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : सर, डॉक्टर बरोबर सांगतात आणि तुमचंही बरोबर आहे. टबात गार पाणी घेऊन हात बुडवून ठेवा, पाणी कोमट वाटलं की बदला. वापरलेलं पाणी तुळशीला जातं. एक सांभाळा : मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाइतकं तापलेलं असतं. ते घेऊ नका, माठातलं घ्या. बर्फ नको, त्यानं पोळलेली कातडी आणखी दुखावते. तूप-टूथपेस्टनं धग आतच कोंडते आणि डॉक्टरांना आधी ते खरवडावं लागतं.

अंगठी, बांगड्या पहिल्या मिनिटातच काढा. हात सुजल्यावर निघत नाहीत. फोड फोडू नका. तळहात किंवा बोटाच्या सांध्यावर फोड आला, जागा पांढरी पडून बधिर झाली, किंवा माणसाला शुगर असेल तर घरी थांबू नका.

प्रश्न : तापलेल्या बिडाच्या कढईत घासायला सोपं जावं म्हणून गार पाणी ओतलं. टण्‌ आवाज झाला आणि तडा गेला. वेल्डिंग होईल का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : बिडाला वेल्डिंग धड बसत नाही आणि बसलं तरी त्यात तेल तापवायला माझं मन धजणार नाही. वाफेनं तोंड पोळलं नाही, हे नशीब. पुढच्या कढईला गार होईस्तोवर वाट बघा, मग कोमट पाण्यानं धुवा. या कढईत माती भरून कोथिंबीर लावा. तड्यातून जास्तीचं पाणी आपोआप निघून जाईल.