पोटरी हलली की रक्त चढतं

प्रश्न : मी दादरला हिंदमाताजवळ साड्यांच्या दुकानात कामाला आहे. सकाळी अकरा ते रात्री नऊ उभंच राहावं लागतं, बसायला मनाई आहे. वय २६. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याजवळ सूज येते, पैंजण रुततात. सकाळी उठेपर्यंत सगळं उतरलेलं असतं. दिवसभर उभी असते म्हणजे पायांना व्यायाम तर होतोच ना? मग सूज का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. खरी गोम तिथंच आहे. उभं राहणं आणि चालणं यांत पायांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. पाळी संपवून आले की चहा उभ्यानेच घ्यायचे आणि मग चटईवर आडवं होऊन दोन्ही पाय भिंतीला टेकवायचे. आमच्या खोलीच्या त्या भिंतीवर टाचांचे दोन काळपट डाग पडले होते, दर दिवाळीला चुना मारला तरी चार महिन्यांत पुन्हा दिसायचे. त्यांच्या पोटरीवर करंगळीएवढ्या जाड, वेड्यावाकड्या शिरा होत्या. ते चहा पीत उभे असताना मी खाली बसून त्यांतल्या एखाद्या शिरेवर एक बोट दाबून ठेवायची आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त वर सरकवायची. शीर सपाट व्हायची आणि वरचं बोट उचललं की वरून खाली झरकन भरायची. मला तो खेळ वाटायचा. तो खेळ नव्हता, हे वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला कळलं.

आता तू तुझ्या हातावर करून बघ. हात दोन मिनिटं खाली लोंबकळत सोड, म्हणजे शिरा फुगतील. मनगटाच्या वरची एक ठळक शीर निवड. एक बोट तिच्यावर दाबून ठेव आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुढे ढकल. मग वरचं बोट उचल. शीर वरून थोडी भरेल, पण मध्येच एका जागी थांबेल, आणि त्या जागेपासून खालच्या बोटापर्यंतचा तुकडा रिकामाच राहील. खालचं बोट काढलंस की लगेच भरेल. जिथं रक्त अडलं तिथं शिरेच्या आत पातळ पडद्यांची एक झडप आहे. वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरतं हे मांडलं, तेव्हा दिलेल्या पुराव्यांत हाच बोटांचा प्रयोग होता. माझ्या वडिलांच्या शिरा वरून भरायच्या, कारण त्यांच्या झडपा निकामी झाल्या होत्या.

या झडपा लागतात कशाला? विश्रांतीत असतानाही हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. दिवसाचे ७,००० लिटरहून जास्त. मे महिन्यात सोसायटीत १०,००० लिटरचा टँकर येतो ना, त्याच्या पाऊण टाकीइतकं, आणि ते मुठीएवढ्या स्नायूकडून. पण हा जोर रक्त केसासारख्या बारीक वाहिन्यांतून जाईपर्यंत जवळजवळ संपलेला असतो. मग घोट्यापासून छातीपर्यंतची चढण रक्ताने चढायची कशी? इथं पोटरी कामाला येते. पाऊल उचलताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात, झडपांमुळे रक्ताला वरचीच वाट मोकळी असते. स्नायू सैल पडले की रिकाम्या शिरेत खालून नवं रक्त येतं. पुढच्या पावलाला पुन्हा तेच.

तू काउंटरमागे निश्चल उभी राहतेस तेव्हा ही पिळण बंद असते. पावलाच्या शिरांमधला दाब तेव्हा पाऱ्याच्या ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की तोच २०-२५ पर्यंत उतरतो. दाब वाढला की बारीक वाहिन्यांतून पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. तीच तुझी सूज. रात्री आडवी झालीस की चढण उरत नाही, पाणी परत ओढलं जातं आणि सकाळी पैंजण सैल. परेडमध्ये अगदी ताठ उभा असलेला जवान कधी कधी कोसळतो, त्याचंही मूळ हेच : रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं.

म्हणून साडी दाखवता दाखवता दर अर्ध्या तासाने वीसेक वेळा टाचा उचल, टेक. कुणाला कळणारही नाही. शक्य असेल तेव्हा गोडाउनमधून गठ्ठा तूच आण, चालणं होईल. घरी पाय छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पड, माझ्या वडिलांसारखी. मात्र सूज एकाच पायाला अचानक आली, पोटरी दुखून गरम लागली, किंवा सुजेबरोबर दम लागला, तोंडही सुजलं, तर टाचा उचलत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तू गरोदर असलीस तरी सूज दाखवून घ्यायचीच.

आणि तुला बसायला स्टूल मिळायला हवं, हे मी डॉक्टर म्हणून ठामपणे सांगते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. गिऱ्हाईक नसताना दहा मिनिटं बसलेल्या मुलीमुळे साड्या कमी खपत नाहीत. हे पान मालकांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव.

प्रश्न : नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. शरीररचना आणि शरीरक्रिया या दोन्हींचं पाठांतर होत नाही. २०६ हाडांची इंग्रजी-लॅटिन नावं बघून रडू येतं. काय करू?
— एक विद्यार्थिनी, कुर्ला

उत्तर : रडू नकोस गं. तुला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त येतंय. हासळी म्हणजे क्लॅव्हिकल. फरा म्हणजे स्कॅप्युला. नडगी म्हणजे टिबिया, गुडघ्याची वाटी म्हणजे पॅटेला, माकडहाड म्हणजे कॉक्सिक्स. आजीने हे शब्द तुला फुकट दिलेत. वहीत आधी ते लिही आणि समोर परीक्षेचं नाव लिही. शिवाय २०६ पैकी १०६ हाडं नुसत्या हातापायांच्या पंज्यांत आहेत : एका हातात मनगट धरून २७, एका पावलात घोट्याखालची सगळी धरून २६. डावं-उजवं सारखंच. म्हणजे ५३ नावं पाठ केलीस की अर्ध्याहून जास्त सांगाडा झाला, आणि त्यांतही बोटांच्या पेरांची नावं ठरावीक पद्धतीनेच पडतात.

दुसरं, रचना आणि क्रिया वेगळ्या वह्यांत ठेवू नकोस. लोकलमध्ये मैत्रीण वरची कडी धरायला हात उचलेल तेव्हा तुझा तळहात तिच्या फऱ्यावर ठेव. फरा पाठीवर वळत बाहेर सरकताना लागेल. हात सरळ डोक्यावर जातो त्या १८० अंशांतले साधारण ६० अंश हा फरा फिरल्यामुळे मिळतात. का फिरू शकतो? तो बरगड्यांना हाडाने जोडलेलाच नाही, स्नायूंनी धरून ठेवलाय. हात धडाच्या सांगाड्याला सांध्याने जोडलाय तो एकाच ठिकाणी, हासळी छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथं. तिथं बोट ठेवून खांदा वरखाली कर, सांधा हलताना कळेल. हे एकदा हाताला लागलं की विसरत नाही. मी तीस वर्षं शिकवलं. घोकून आलेली मुलं तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला अडायची, स्वतःच्या अंगावर चाचपून आलेली नाही अडायची.

एक सावधगिरी. घरच्या शब्दांत ‘पोट’ फार ऐसपैस आहे. पेशंट बेंबीवर हात ठेवून ‘पोटात दुखतंय’ म्हणतो, तिथं जठर नसतं, मुख्यतः लहान आतडं असतं. जठर वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला. म्हणून वॉर्डात ‘कुठे?’ हे आधी विचार आणि एका बोटाने दाखवायला सांग.

प्रश्न : मी मूळचा नागपूरचा. तिथं ४४ अंशांत घामाने इतकं भिजल्यासारखं वाटत नसे. मुंबईत ३४ अंशांत शर्ट पिळून निघतो. शरीर बिघडलं का?
— एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड

उत्तर : शरीर ठीक आहे, हवा वेगळी आहे. आतलं तापमान ३७ च्या आसपास धरून ठेवायला शरीर घाम सोडतं, पण गारवा घाम येण्याने मिळत नाही, तो वाळण्याने मिळतो. एक ग्रॅम घाम वाळताना अर्ध्या किलोकॅलरीहून थोडी जास्त उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो येताच उडून जातो, म्हणून तुम्हाला दिसतच नसे. येतो मात्र भरपूर, तेव्हा मे महिन्यात गावी गेलात तर ‘घाम नाही’ म्हणून पाणी कमी पिऊ नका. मुंबईची हवा आधीच ओली. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, शरीराला गारवा मिळत नाही आणि ते आणखी घाम सोडतं. पंखा खोलीतली हवा थंड करत नाही, अंगाला चिकटून बसलेला दमट थर हटवतो आणि घामाला वाळायला वाव देतो. सुती, सैल सदरा घाला आणि खिडकी उघडी ठेवून पंख्याखाली बसा.