आवड देवाची की माझीच? वाचकांचे प्रश्न, पाळकीणबाईंची उत्तरं

प्रश्न : पाळकीणबाई, जय ख्रिस्त. मी खानापूर तालुक्यातला, वय 26, आयटीआय झालंय, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. महिन्याला हातात 18,500 येतात, त्यातले 3,900 बाईकच्या हप्त्याला जातात आणि अजून 14 हप्ते आहेत. लहानपणापासून पेटी-ढोलकीचं वेड. रविवारी उपासना झाली की गावातली 10-12 पोरं गोळा करून गाणी शिकवतो, मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, पेटीचा भाता फाटलेला तो पण सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून मीच चिकटवला. मागच्या वर्षी एका कन्व्हेन्शनमध्ये पूर्ण वेळ सेवेला कोण येणार विचारलं तेव्हा मी उभा राहिलो. आता वाटतंय नोकरी सोडून सेमिनरीला, पाळकांच्या शिक्षणाला जावं, पण मग वाटतं की हे पाचारण, देवाचं बोलावणं वगैरे काही नाही, मला गाण्याची हौस आहे म्हणून मीच देवाचं नाव पुढे करतोय. आमच्यातले एक वडीलधारे म्हणतात जे आपल्याला आवडतं ते देव सांगत नसतो, तो नको तेच करायला लावतो. दुसरे म्हणतात राजीनामा टाक, देव बघून घेईल, भरवसा नाही काय तुझा? वडील नाहीत, बहिणीचं लग्न व्हायचंय, आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर : बाळा, जय ख्रिस्त. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या भात्यापाशी थांबले. तू सहज लिहून पुढे गेलास, पण मी इतकी वर्षं मंडळ्यांतल्या पेट्या बघत आले आहे, भाता फाटला की सगळे म्हणतात कमिटीत विषय घ्या आणि पेटी कपाटावर जाऊन बसते ती बसतेच. तुला कुणी सांगितलं नव्हतं. ट्यूब मापाने कापायची, काचपेपरने घासायची, सोल्युशन लावून दाबून धरायची, वाळेस्तोवर हात काढायचा नाही, आणि हे सगळं आठवडाभर मशीनसमोर उभं राहून मिळालेल्या एका सुट्टीत. पाचारण कसं ओळखायचं विचारतोस ना, मी तरी आधी असल्या ठिकाणी बघते. कन्व्हेन्शनमधल्या त्या क्षणाला मी खोटं म्हणणार नाही, माझेही डोळे तिथे भरून आलेत, पण तिथे उभं राहायला दोन मिनिटं लागतात आणि तू दर रविवारी त्या पोरांसमोर बसतोस ते कुणी टाळ्या वाजवत नसताना.

त्या वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगते, देव नको तेच करायला लावतो हे मला पटत नाही. बायबलमधला मोशे नको म्हणत होता, योना तर पळूनच गेला, हे खरं. पण निवासमंडपाचं, म्हणजे उपासनेच्या पवित्र तंबूचं, काम निघालं तेव्हा देवाने बसालेलला नावाने बोलावलं, आणि तो कोण तर सोनं-चांदी-लाकडातला कसबी कारागीर, आणि ते कसबही देवाच्या आत्म्याने दिलेलं असं बायबलच्या निर्गम पुस्तकात स्पष्ट आहे. दावीद राजवाड्यात पहिल्यांदा गेला तो वीणा वाजवता येते म्हणूनच. हात ज्याने दिले त्याला त्या हातांना काय आवडतं हे ठाऊक नसेल असं मी कसं मानू?

आपल्या मराठीतच बघ. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली बाप्तिस्मा घ्यायच्या आधीपासून कवी होते, कीर्तन-अभंगात वाढलेले. ख्रिस्ती झाले म्हणून ती आवड त्यांनी टाकली नाही, अभंग-ओव्यांतच ख्रिस्त गायले आणि आज आपल्या उपासनेत त्यांचं पद नसेल असा महिना जात नाही. पण बाळा, त्याच घराची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. नवऱ्याच्या त्या निर्णयाने त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पुढेही घरात पैसा टिकत नव्हता आणि ओढाताण त्यांनी सोसली. टिळकांवर माझं प्रेम आहे, त्यांची पदं म्हणतच मोठी झाले, तरी दर वेळी मला आधी लक्ष्मीबाई दिसतात. सेवेला एकटा माणूस जात नाही रे, घर जातं.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. 1994 साली आमच्या ह्यांनी सेवेसाठी फौंड्रीतली नोकरी सोडली, उद्यमबागेतच होते, आणि राजीनामा दिल्यावर मला सांगितलं. आधी नाही. मी तीन दिवस बोलले नाही. थोरला चार वर्षांचा, धाकटी पोटात. पिठाचा डबा उघडला की वाटी तळाला लागून खडखड आवाज यायचा, अजून ऐकू येतो. त्या महिन्यात आमच्या घरमालकीणबाई, लिंगायत, त्यांना आपल्या मंडळीचं काही माहीत नाही, एक दिवस जोंधळ्याचं पीठ घेऊन दारात आल्या, ताजं दळलेलं, पिशवी अजून गरम होती, आणि म्हणाल्या जास्तीचं दळून आलंय अक्का, ठेव. जास्तीचं दळून येतं होय कुठे? देवाने आम्हाला खायला घातलं याची साक्ष मी कुठेही उभी राहून देईन. पण ह्यांनी मला न विचारता जे केलं त्याला मी त्या दिवशी विश्वास म्हटलं नाही, आजही म्हणत नाही, आणि पुढे त्यांनी स्वतःच माझी माफी मागितली. देव सांभाळतो म्हणून आपण बायको-आईला अंधारात ठेवलं ते बरोबर ठरत नाही.

म्हणून तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हप्ता नाही, आईला सांगितलेलं नाही ही आहे. आजच सांग. रात्री जेवण झाल्यावर, बहीण पण असू दे, कागद-पेन घे आणि तिच्यासमोर मांड, पगार किती, हप्ता किती, लग्नाला काय लागेल, मी गेलो तर घर कशावर चालेल. ती रडेल, चिडेल, कदाचित म्हणेल तुझ्या बापानंतर तूच आहेस. ऐकून घे, बायबलची वचनं तोंडावर मारू नकोस. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा हे प्रभू येशूनेच सांगितलंय ना, आणि ते सांगितलं ते शिष्य व्हायला निघालेल्यांनाच. आईसमोर हिशेब मांडायलासुद्धा भरवसा लागतो, कारण उत्तर काय येईल ते तुझ्या हातात नसतं.

14 हप्ते म्हणजे सव्वा वर्षाच्या आत बाईक तुझी. हा वेळ वाया गेला असं समजू नकोस. प्रेषित पौल करिंथात दीड वर्ष राहिला तेव्हा अक्विल्ला-प्रिस्किल्ला ह्या नवरा-बायकोबरोबर तंबू शिवत होता आणि शब्बाथाला, आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात बोलत होता. तुमची मंडळी मेथडिस्ट पंथाची असेल तर लोकल प्रीचर होता येतं का ते पाळकांना विचार, नोकरी सांभाळून उपदेश करणारे साधे लोक ही तर मेथडिस्टांची त्यांच्या संस्थापक वेस्लीपासूनची रीत आहे. नसेल तर पाळकांबरोबर आजाऱ्यांच्या भेटीला जात जा. हे मी मुद्दाम सांगते, कारण सेवा म्हणजे नुसतं गाणं नव्हे, हॉस्पिटलच्या वॉर्डात पेटी नेता येत नाही, तिथे गप्प बसावं लागतं आणि वास येतो, मयतीला दुपारच्या उन्हात उभं राहावं लागतं, दोन भावांच्या भांडणात मधे बसावं लागतं. वर्षभर हे कर. त्यानंतरही मन तिकडेच ओढत असेल तर ती नुसती गाण्याची हौस नाही हे तुलाच कळेल. आणि नाही ओढलं तर लाजायचं काय, पोरांना गाणी शिकवणारा मशीन ऑपरेटर मंडळीला हवाच आहे.

सेमिनरीचं म्हणशील तर पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जी आधी यवतमाळला होती, कानडीत चालणार असेल तर मंगळूरचं कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज, जबलपूरचं लिओनार्ड. आयटीआयवर कुठला कोर्स मिळतो, फी किती, मंडळीचं शिफारसपत्र कसं लागतं हे फोन करून विचारून ठेव. सव्वा वर्षात थोडे पैसेही बाजूला पडतील. आणि आईला बरं वाटणार असेल तर तिला घेऊन एकदा आमच्याकडे ये, तिच्याशी मी बोलेन, लेकी-सुना-आयांचं बोलणं वेगळं असतं.

प्रश्न : मी निपाणीची, बीएड करते. लहान मुलांत सेवा करायची फार ओढ आहे, पण जवळच्या कानडी खेड्यांत मुलांना माझी कानडी ऐकून हसू येतं. घरचे म्हणतात मराठी मंडळीतच राहा. देवाने ओढ दिली तर भाषा का नाही दिली?

उत्तर : अगं, हसू दे की! हसणारं पोर तुझ्याजवळ आलेलं असतं. पंडिता रमाबाईंचा जन्म कर्नाटकातल्या गंगामूळचा, घरची भाषा मराठी, आणि उतारवयात त्या हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत करत बसल्या, 1922 ला गेल्या तेव्हा ते काम होत आलेलं, 1924 ला छापून निघालं. तुला तर शेजारच्या गावाची बोली शिकायची आहे. पुढच्या वेळी गोष्ट सांगताना अडलीस की मुलांनाच विचार, इदक्के एन अंतारे, ह्याला काय म्हणतात? सगळी एकदम ओरडून सांगतील, आणि त्यात जी गप्प मुलगी मागे बसते ना, ती पण सांगेल.