वस्ताद शेजारी उभे होते, हेही लिही

कोल्हापूर

प्रिय पोरी,

तुझ्या अहवालाचा कच्चा खर्डा काल रात्री बसून वाचला. तालमीतल्या पोरांची कुस्तीआधीची चिंता आणि त्यांची झोप, हा विषय कोल्हापूरच्या पोरीलाच सुचावा. पण प्रस्तावना अकरा पानं आणि पद्धत अर्धं पान, हे काही बरोबर नाही.

प्रस्तावना बाजूला ठेव. आधी पद्धत लिहून काढ, सगळं आठवतंय तोवर. सहभागी किती, कोणत्या वयाचे, कसे निवडले, १८ वर्षांच्या आतल्यांच्या पालकांची संमती घेतलीस का. प्रश्नावलीचं मराठी तूच केलंस ना? मग ते दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून मूळ मजकुराशी ताडून पाहिलंस का? तुझ्या नमुन्यावर क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, किती आला? मूळ चाचणीची विश्वसनीयता मराठी रूपाला आपोआप मिळत नाही.

परवा बोलता बोलता म्हणालीस, पोरं प्रश्नावली भरत होती तेव्हा वस्ताद शेजारी उभे होते. खर्ड्यात हे कुठंच नाही. वस्तादांच्या देखत ‘मला भीती वाटते’ यापुढं खूण कोण करेल गं? हे कार्यपद्धतीत लिही आणि चर्चेत मर्यादा म्हणून पुन्हा घे. तालमीचं नाव मात्र नको. नुसती पेठ सांगितलीस तरी आपल्या गावात तालीम ओळखू येते, आणि पोरांना तू गुप्ततेचा शब्द दिला आहेस.

चिंता नि झोप यांच्या संबंधाची पी व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसतानाही निव्वळ योगायोगानं निदान एवढा निकाल येण्याची शक्यता, ०.०८ आली आणि तू ‘जवळजवळ सार्थक’ लिहिलंस. ते खोड. ०.०५ च्या खाली आली तरच सार्थक, ही पातळी तूच आधी ठरवली होतीस. सहसंबंध गुणांक (दोन्ही गोष्टी किती जोडीनं बदलतात तो आकडा) आणि पी व्हॅल्यू जशीच्या तशी दे आणि परिकल्पनेला आधार मिळाला नाही असं सरळ लिही. संबंधच नाही हे सिद्ध झालं, असंही म्हणू नकोस. लहान नमुन्यात बारीक संबंध हातातून निसटतो. माझ्या पहिल्या अहवालात असाच निकाल मी शब्दांनी झाकला होता. त्याची खंत अजून आहे.

‘झोप कमी म्हणून चिंता वाढते’ हे वाक्यही काढ. एकदाच घेतलेल्या माहितीवरून काय आधी नि काय नंतर, ते कळत नाही. चिंतेनंच झोप उडाली असेल.

प्रस्तावना तीन पानांवर आण, शेवटी परिकल्पना येऊ दे. सारांश सगळ्यात शेवटी लिही, एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीप्रमाणे २५० शब्दांच्या आत.

रविवारी सकाळी घरी ये. भरलेल्या प्रश्नावल्या सोबत आण, अर्धवट म्हणून बाजूला काढलेल्यासुद्धा.

तुझे सर